आवडाबाईचा निकाल

कोलशेतच्या त्या तीन टॉवरांच्या मागच्या गेटापाशी सकाळी साडेनऊला बायका पिशव्या घेऊन उभ्या राहायच्या त्या मासळीसाठी, असं निदान त्यांच्या घरच्यांना वाटायचं. मासळी काय, मोबाइलवर मागवली तरी येते, साफ करून, तुकडे करून, बर्फात घालून. पण मोबाइलवरून आवडाबाई येत नाही. आणि आवडाबाई आली नाही, तर काल ‘भरलं घर’ मालिकेत जे झालं ते बरोबर की चूक, हे सांगणार कोण?

आवडाबाई कोलशेत गावठाणातली कोळीण. साठी जवळ आलेली, शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र सातव्या मजल्यापर्यंत. बुधवार, शुक्रवार, रविवार ती पाटी घेऊन बसायची आणि उरलेल्या दिवशी काय करत असेल ती असो, रोज आठच्या ठोक्याला टीव्हीसमोर हजर. तिची नजर अशी की मालिकावाल्यांनी तिला पगारावर ठेवायला हवं होतं. सोमवारी मालिकेतल्या सुनेच्या, ऋजुताच्या हातात सहा बांगड्या होत्या आणि मंगळवारी त्याच प्रसंगात पाच, हे महाराष्ट्रात एकट्या आवडाबाईला दिसलं. त्याच मालिकेतल्या नलिनीताईंच्या हातातला दुधाचा ग्लास कॅमेऱ्यानं दोनदा दाखवला, तेव्हाच तिनं बोंबील साफ करता करता जाहीर करून टाकलं होतं, “त्या दुधान कायतरी हाय.” चौथ्या दिवशी ऋजुताचा नवरा शंतनू ते दूध पिऊन आडवा झाला आणि टॉवरमधल्या बायका थक्क झाल्या.

त्या थक्क झालेल्या बायकांमध्ये बी विंगमधली ऋतिका होती. घरून काम करणारी, पस्तिशीची, मोबाइल कायम हातात. तिनं आवडाबाईचं मत चित्रित करून नेटवर टाकलं आणि बघता बघता त्याचं ‘आवडाबाईचा निकाल’ होऊन बसलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ. शेवटी आवडाबाई कोयता लाकडाच्या ठोकळ्यावर दाणकन आपटायची आणि म्हणायची, “निकाल लागला.” लोक त्या दाणकन आवाजासाठी व्हिडिओ परत परत लावायचे. पार कल्याण-डोंबिवलीपर्यंत तिला ओळखत होते.

त्या बुधवारी निकाल मोठा होता. ऋजुतानं घर सोडलं होतं. शंतनूनं सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत दिली, आणि मंगळवारच्या भागाच्या शेवटी ती एक बॅग घेऊन माहेरच्या दारात उभी राहिली. दार उघडलं आणि भाग संपला.

“मामी, आज नीट बोला हं,” ऋतिका मोबाइल धरून म्हणाली. “सगळे तुमचीच वाट बघतायत.”

“मी काय वाकडं बोलते कंदी?” आवडाबाईनं कोळंबीचं डोकं उडवलं. “ऐका गो बायांनो. एक थोबाडीत दिली म्हनून घर सोडतात? मंग आमच्या पिढीत एक पन घर उभं नसतं ऱ्हायलं. ही ऋजुता शिकलेली हाय, पन तिना दम नाय. मी आय असते ना तिची, तर उंबऱ्यावरच उभी केली असती. आत नसती घेतली. बोल्ली असते, बाय, आलीस तशी मागं फिर. आय हाय म्हनून लाड करनार नाय.” कोयता ठोकळ्यावर आपटला. “निकाल लागला.”

दोघी-तिघी हसल्या. एक मात्र हसली नाही. सी विंगमधली वैशाली, महापालिकेच्या शाळेत शिकवणारी. तिनं कोळंबीची पिशवी घेतली आणि सहज विचारलं, “मामी, प्राप्ती आलेली का गणपतीला? दिसली नाही यंदा.”

“आलेली ना. दोन दिस राहून गेली,” आवडाबाई म्हणाली.

खोटं होतं ते. तिची लेक प्राप्ती आली नव्हती. गणपतीला नाही, आणि नारळी पौर्णिमेलासुद्धा नाही. कोळ्याची लेक नारळी पौर्णिमेला माहेरी येत नाही म्हणजे काय, हे टॉवरमधल्यांना कळायचं नाही, पण गावठाणात प्रत्येक ओटीवर कळलं होतं. खाडीत नारळ सोडताना आवडाबाई सुनांच्या-लेकींच्या घोळक्यात एकटी उभी होती. तिला तेव्हा राग आला होता. लेकीचा.

प्राप्तीचं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं होतं. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडच्या गल्लीत, स्वतःची दोन मजली इमारत असलेलं घर. जावई प्रीतम बांधकामाचं सामान पुरवायचा. मुलगी लग्नाआधी लॅबमध्ये कामाला होती, माजिवड्याला. रक्त तपासायचा कोर्स केलेला, परीक्षेत पहिली आलेली. लग्नानंतर कामावर जाऊ देऊ असं बोलणं झालेलं. मग चार महिने थांब झालं, मग घर लागू दे झालं, आणि मग कुणी त्याबद्दल बोलेनासं झालं. आवडाबाईही बोलली नाही. तिचं मत असं की पहिल्या वर्षी सुनेनं तोंड उघडू नये.

या मताचं मूळ सांगायचं तर तिच्या नवऱ्यापाशी, परशुरामापाशी जावं लागेल. आज हा माणूस ओटीवर बसून जाळं विणतो आणि बायकोला चहा करून देतो. पण तिशीत असताना तो प्यायचा, आणि प्यायला की हात चालायचा. आवडाबाई दोनदा माहेरी गेली आणि दोन्ही वेळा तिच्या आईनं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ती परतली, टिकली, त्याची दारू सोडवली, दोन पोरं मोठी केली. लोक म्हणायचे, आवडाबाईनं संसार केला. तिला त्याचा अभिमान होता. आणि घर सोडून गेलेली बाई टीव्हीत जरी बरोबर ठरली, तर मग आपण जे सोसलं त्याचं काय करायचं, हा प्रश्न तिला नको होता. म्हणून ऋजुता चूक.

प्राप्ती येत नसली तरी डबा जात होता. दर बुधवारी स्टीलचा मोठा कडीचा डबा, तळाला बर्फ, वर लेकीला आवडतात त्या खाडीच्या चिखलातल्या निवट्या, नाहीतर कोळंबी, दिपेशच्या बाइकवरून डोंबिवलीला. दिपेश म्हणजे प्राप्तीचा थोरला भाऊ. सासरच्यांना मासळी हवी, साफ करायला सून हवी, त्यामुळे डब्याला त्या घरात अडवणूक नव्हती. आणि माहेरचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही ही रीत. पहिलं वर्षभर डब्यातून काय काय यायचं: मूठभर तांदूळ, दारच्या शेवग्याच्या शेंगा, एकदा तिनं केलेले नारळाचे लाडू. गेले दोन महिने डबा रिकामा येत होता. घासलेला, पुसलेला, चकचकीत, आणि रिकामा.

आवडाबाईनं फोनवर तिला फैलावर घेतलं होतं. “आयच्या डब्यान साखरेचे चार दाने घालायला जड होतंय तुना? सासूनं हीच रीत शिकवली?”

“विसरले,” प्राप्ती म्हणाली होती. बस, एवढंच. फोन सासूचा होता, सासूनंच परत घेतला.

तर त्या बुधवारी वैशालीशी खोटं बोलल्यावर आवडाबाईचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला तिनं मांदेलीच्या ऐवजी बोंबील घातले. दुपारी बाराला दिपेशनं डबा बाइकला बांधायला घेतला तेव्हा ती पदर खोचून म्हणाली, “मी पन येते.”

“कळवू का त्यांना?”

“लेकीकडं जायला काय कळवायचं?”

माजिवड्यावरून बायपासला लागून, माणकोलीच्या नव्या पुलावरून दिपेशनं बाइक डोंबिवलीत काढली. पुलावर वारा होता. खाली खाडी पसरलेली, आणि आवडाबाई डबा मांडीवर धरून मनातल्या मनात लेकीला काय काय सुनवायचं ते ठरवत होती. नारळी पौर्णिमा, गणपती, रिकामा डबा. यादी तयार होती.

दिपेश खाली गाडी लावत थांबला. ती जिना चढून पहिल्या मजल्यावर आली आणि दारापाशी थबकली. आतून कुणाचा तरी आवाज येत होता. खणखणीत, ओळखीचा. क्षणभर तिला कळेना, ही बाई कोण.

“...उंबऱ्यावरच उभी केली असती. आत नसती घेतली. बोल्ली असते, बाय, आलीस तशी मागं फिर. आय हाय म्हनून लाड करनार नाय.” मग दाणकन.

“ऐकलंस?” विहीणबाईंचा आवाज. “मी नाय सांगत गो, तुझी आई सांगते. जगाला सांगते. जा, जायचंय ना तुला? जा बघू कोलशेतला.” आणि हसणं. मग परत तेच, पहिल्यापासून. उंबऱ्यावरच उभी केली असती.

आवडाबाईच्या हातातला डबा एकदम जड झाला. तिनं खाली पाहिलं, कुठं ठेवावा म्हणून, आणि तिची ती नजर, बांगड्या मोजणारी, दाराशेजारच्या चपलांच्या मांडणीवर गेली. सासऱ्यांच्या चपला. प्रीतमचे बूट दोन जोड. विहीणबाईंच्या तीन. नणंदेच्या सँडल. प्राप्तीचं काहीच नव्हतं. तिचा पाय मोठा, लहानपणापासून. सात नंबरची चप्पल त्या मांडणीवर लपली नसती. मग ती दाराकडे बघू लागली. कडी आतून असते तशी बाहेरूनही होती, आणि बाहेरच्या कडीत उघडं कुलूप लटकत होतं. नवं, पिवळं.

तिनं बेल दाबली.

विहीणबाईंना आनंदच झाला, असं दिसलं तरी. “अगो बाय, खुद्द आवडाबाई! आम्ही आत्ता तुमचाच निकाल बघत व्हतो. काय बोललाव तुम्ही आज! आमच्या गल्लीन सगल्यांना पाठवते मी.” चहा झाला, फरसाण झालं. प्राप्ती चहा घेऊन आली, आईकडे न बघता कप ठेवला आणि आत गेली. वाळली होती. पाय अनवाणी, टाचा फुटलेल्या. सव्वा वर्षापूर्वी हीच मुलगी टाचांना क्रीम लावल्याशिवाय झोपत नव्हती.

“निवट्या आनल्यात, बुळबुळीत असतात, मी लागते तिला साफ करायला,” आवडाबाई म्हणाली आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत मागच्या मोरीत जाऊन बसली. प्राप्तीनं नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात दोघींनी राख घेऊन निवट्या चोळायला घेतल्या.

“चपला कुठं तुझ्या?” आवडाबाईनं हळूच विचारलं.

“माळ्यावर. तिथल्या कपाटाला कुलूप आहे.”

“कंदीपासून?”

“जुलैपासून. मी एकदा निघालेले. रिक्षा स्टँडपर्यंत गेलेले, तिथून यांच्या मित्रानं बघितलं आणि परत आणलं. तेव्हापासून.”

“मारतो?”

प्राप्तीनं एक निवटी उलटी करून पोट फाडलं. ते उत्तर आवडाबाईला समजलं. तिला स्वतःचीच किळस आली.

“चल,” ती उठायला लागली. “आत्ताच्या आत्ता. दिपेश खाली हाय. अनवानी चल.”

“बस, आये. बस खाली.” लेकीनं ओल्या हातानं तिचं मनगट धरलं. “आता ओढून नेशील, दादा आणि हे मारामारी करतील. आणि घरी नेऊन? अख्ख्या कोलशेतला सांगितलंयस तू. उद्या ओटीवरची कोणीपण बाई म्हणेल, काय गो आवडा, उंबऱ्यावर उभी करणार होतीस ना? मग तुला माझी लाज वाटेल. आज नाही वाटणार, आठ दिवसांनी वाटेल. मग तू मला समजावशील. ओळखते मी तुला.”

“अगो ती मालिका हाय! ती ऋजुता हाय, तू नाय!”

“मला कधी वेगळं काही बोललीस?” प्राप्तीचा आवाज चढला, मग तिनं नळाकडे बघितलं आणि तो परत खाली आणला. “तुझे सगळे निकाल ऐकलेत मी. जेवताना लावतात. भाजी वाढताना, भांडी घासताना. मला वाटायचं एखाद्या दिवशी तरी तू बोलशील की पोरीचं काय चुकलं? एकदा तरी.”

आवडाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते निवट्यांवर पडलं. तिनं पुसलं नाही.

“आणि डबा?” प्राप्ती म्हणाली. “रिकामा का पाठवत होते मी? रीत माहीत नाही मला? टीव्हीवर ग्लास दोनदा दाखवला तरी तुला कळतं. मी डबा आठ वेळा रिकामा पाठवला आये. आठ वेळा.”

बाहेरून विहीणबाईंनी हाक मारली, “झालं का गो?” आणि प्राप्तीनं नळ बंद केला.

परतताना पुलावर दिपेशनं दोनदा विचारलं, काय झालं. घरी पोचल्यावरच आवडाबाईनं सगळं सांगितलं, परशुरामाला आणि त्याला. दिपेश बाइकची किल्ली उचलून उठला. परशुराम खाली मान घालून बसला होता. हातातली जाळ्याची सुई तशीच. मग तो म्हणाला, “पोरं घेऊन जाताव मी. गावचे वीस-पंचवीस जन.”

“तू?” आवडाबाई त्याच्यावर उसळली. “तू जानार सांगायला, बायकोवर हात टाकू नये म्हनून?” तीस वर्षांत तिनं हे तोंडातून काढलं नव्हतं. परशुरामाचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं, आणि वाटलं तरी तिनं शब्द मागं घेतले नाहीत. मग ती शांत होऊन म्हणाली, “ती बोल्ली, ओढून नेऊ नको. तिना स्वतःच्या पायानं यायचं हाय. पन त्याआधी मना माझं बोललेलं गिळायला लागेल. जिथं बोल्ले तिथंच.”

त्या संध्याकाळी आठला मालिका लागली. दारात उभ्या ऋजुताला आईनं आत घेतलं, पण वडिलांनी तोंड फिरवलं. गुरुवारी भावजयीनं टोमणे मारले. आवडाबाई दोन्ही दिवस बसली होती समोर. ऋजुताच्या हातात बांगड्या किती, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शुक्रवारी साडेनऊला ती गेटापाशी बसली. ऋतिका आली, मोबाइल धरला, “मामी, आईनं घेतलं ना तिला आत! आता तुमचा निकाल काय?”

आवडाबाईनं हात फडक्याला पुसले. मोबाइलमध्ये बघताना तिला ऋतिका दिसत नव्हती, टॉवर दिसत नव्हते. तिला एक स्वयंपाकघर दिसत होतं, आणि जेवणाच्या ताटांशेजारी उभा करून ठेवलेला एक फोन.

“बुधवारी मी जे बोल्ले,” ती म्हणाली, “ते चूक बोल्ले. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मना बरं वाटलं. पन चूक ते चूक. माझ्या आयनं मना दोनदा उंबऱ्यावरून परत पाठवलेली. मी ती गोष्ट मोठेपनानं सांगत फिरले सगल्या जन्मात. खरी गोष्ट सांगू? त्या दोन वेळेला मी परत जाताना रस्त्यान बसून रडलेली. आयला मी कंदी माफ नाय केलं. ती मेली तेव्हा पन नाय. ऋजुता, पोरी, तू ऐकत असशील तर ऐक. तुझी आय तुना उंबऱ्यावर उभी करनार नाय. लोक बोलतील तर त्यांना मी बघून घेईन, मासे कापनाऱ्या बाईला लोकांची भीती नाय. दार उघडं हाय. दिवसा उघडं, रातचं उघडं. कवा पन ये. काय आनू नको, नुसती ये.”

कोयता समोर होता. तिनं उचलला नाही.

“निकाल?” ऋतिकानं हळूच आठवण केली.

“बस, एवढंच,” आवडाबाई म्हणाली आणि सुरमईचे तुकडे करायला घेतले.

ऋतिकाला काही कळलं नव्हतं. वैशालीला कळलं. ती पिशवी घेऊन जाताना आवडाबाईच्या खांद्यावर हात ठेवून गेली.

त्या व्हिडिओखाली लोकांनी आवडाबाईची सालं काढली. आवडाबाई बदलली, आवडाबाई पण आता शहाणी झाली, असल्या बायकांमुळंच घरं मोडतात, कोयता कुठं गेला. दिपेशनं वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, “नको वाचू. मना यातल्या एकाच घराचं ऐकायचं हाय.” आणि तेच घर गप्प होतं. शनिवार गेला. रविवारी तिनं निकालच दिला नाही, घसा बसलाय म्हणाली. सोमवारी तिला वाटायला लागलं की विहीणबाईंनी तो व्हिडिओ लावलाच नसेल. का लावतील? बुधवारचा लावला कारण तो त्यांच्या कामाचा होता. हे आपल्या आधी कसं लक्षात आलं नाही, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला. मंगळवारी ती जेवली नाही.

बुधवारी दिपेश डबा देऊन तीन वाजता परत आला.

“कोनी दिला डबा परत?”

“तिनंच. सासू मागंच उभी होती. जरा जड वाटला.”

आवडाबाईनं कडी काढली. आत वरपर्यंत शेवग्याच्या शेंगा, तुकडे करून रचलेल्या. तिनं शेंगा बाजूला केल्या. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले कागद होते. माशाचा वास मारत होते. दिपेशनं ते उलगडले: दहावीचं, बारावीचं, आणि लॅबच्या कोर्सचं. तिन्ही प्रमाणपत्रांवर नाव माहेरचं, प्राप्ती परशुराम.

“शुक्रवारचा बघितलाय तिनं,” दिपेश म्हणाला. “लावला असेल त्यांनी. शिव्या घालायला का होईना.”

परशुरामानं ते कागद घेतले, आपल्या पंच्यावर एकेक ठेवून पुसले आणि देव्हाऱ्याच्या मागं सपाट करून ठेवले. आवडाबाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. लेक घर सोडत होती, डब्यात मावेल तेवढं तेवढं. कागद आले. आता काय राहिलं?

ती उठली. चप्पल घालून गावठाणाबाहेरच्या चपलांच्या दुकानात गेली. “सात नंबर,” ती म्हणाली, “पायाला आवाज न करनारी, आनि दुमडली पायजे.” दुकानदारानं रबराची काळी चप्पल दाखवली. तिनं ती दोन्ही हातांनी वाकवून बघितली, जशी मासळी घेताना बघते तशी.

पुढच्या बुधवारपर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. शुक्रवारी सकाळी तिनं टॉवरच्या बायकांना सांगितलं, आज पाटी नाय. डबा घासला. चप्पल प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून तळाशी ठेवली, वर बर्फ, बर्फावर निवट्या, जेवढ्या मिळाल्या तेवढ्या, वळवळणाऱ्या, बुळबुळीत. विहीणबाई झाकण उघडून बघतील आणि नाक मुरडून म्हणतील, ने आत, हे तुझं तू बघ.

“विचारलं तर सांग,” तिनं दिपेशला बजावलं, “आयनं नवस बोललेला, म्हनून दोनदा. आनि डबा घेतल्याबिगर निघू नको. कितीपन वेळ लागू दे.”

दिपेश साडेतीनला आला. डबा जिवंत असल्यासारखा तो दोन्ही हातांत धरून आला. परशुराम ओटीवरून उठून आत आला. आवडाबाईकडून कडी निघेना, शेवटी दिपेशनंच काढली.

डबा रिकामा होता. घासलेला, पुसलेला, चकचकीत. शेंग नाही, तांदूळ नाही, साखरेचा दाणा नाही. चप्पल नाही.

“ठेवली गो तिनं,” आवडाबाई म्हणाली आणि डबा छातीशी धरून मोठ्यानं रडली.

त्या संध्याकाळी आठ वाजता ‘भरलं घर’चं गाणं लागलं, शेजारच्या चारही घरांतून एकदम. आवडाबाईचा टीव्ही बंद होता. घराचं दार सताड उघडं होतं, ओटीवरचा दिवा लावलेला होता, आणि ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं, काय गो आवडाबाई, आज मालिका नाय?

“बघते ना,” ती म्हणाली, आणि रस्त्यावरची नजर तिनं काढली नाही.